मागच्या चाकाचा पाठ

काम करताना आमचे हे बोलतात. गुणगुणत नाहीत, शिव्या देत नाहीत, चक्क पाठ म्हणतात. "आता नट सैल. आता वॉशर. वॉशर कपड्यावर." बस दुरुस्तीच्या कारखान्यात ते फिटर होते आणि तिथल्या पहिल्या उस्तादानं ही सवय लावली होती. आधी तोंडानं म्हणायचं, मग हातानं करायचं. तोंडाला आलं नाही तर हात पुढं करायचाच नाही. सुट्टीच्या दिवशी ओळखीपाळखीच्या लोकांच्या मोटारसायकली घरी यायच्या. यांची पत्र्याची शेड नेमकी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. एकतीस वर्षं मी भाज्या चिरल्या त्या नट-बोल्टच्या नामस्मरणावर. इतर बायकांची तक्रार असते की नवरा बोलत नाही. माझा बोलायचा, पण चाकाशी.

दुसरी सवय कपड्याची. जुन्या चादरीचा एक तुकडा जमिनीवर पसरायचा आणि निघेल तो भाग डावीकडून उजवीकडे ओळीनं मांडायचा. बसवताना उजवीकडून उलट यायचं. त्या कपड्याला कुणी हात लावायचा नाही. लेक लहानपणी एकदा त्यावरून पळाली तर यांनी दिवसभर तिच्याशी अबोला धरला. सहा वर्षांच्या पोरीशी! मी त्या दिवशी इतकी भांडले की शेजारीण साखरेची वाटी घेऊन आली होती ती दारातूनच परत गेली.

जिची ही गोष्ट ती मोटारसायकल मात्र ओळखीपाळखीची नाही, आमची. यांनी आणि यांच्या जोडीदारानं मिळून दोन मोडक्या गाड्यांमधून ही एक उभी केली. जोडीदार म्हणजे कारखान्यात चौदा वर्षं शेजारच्या टेबलावर काम केलेला माणूस. पुढे तो नोकरीसाठी परदेशी गेला आणि तिकडचाच झाला. वर्षातून एकदा फोन करायचा आणि दरवेळी तेच म्हणायचा, "कधी येतोस? आणि गाडीवरून ये. विमानानं आलास तर दार उघडणार नाही." हे हसायचे आणि म्हणायचे, येतो की. असं बावीस वर्षं चाललं.

मग एका आठवड्यात यांनी तीनदा तीच क्लचची केबल विकत आणली.

डॉक्टरांनी त्या दुखण्याचं नाव सांगितलं. मी ते घरात उच्चारत नाही. हळूहळू वाढेल, म्हणाले. जवळची माणसं, पाठ झालेली कामं बराच काळ टिकतात म्हणे, पण पुढं तेही जाईल. घरी आल्यावर हे दोन दिवस शेडमध्ये गाडी पुसत बसले. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "जोडीदाराला ओळखतोय तोवर जाऊन येऊ."

खरं सांगते, मला त्या ओळखण्याचीच धास्ती होती. आपल्या लोकांना एक खोड आहे. दहा वर्षांनी भेटले की समोर येऊन उभे राहतात, दात काढतात आणि विचारतात, "ओळखलंत का?" नाव सांगत नाहीत. भाच्याच्या लग्नात एक गृहस्थ यांच्यापुढे असेच उभे राहिले. "सांगा बघू कोण!" यांच्या कपाळावर घाम आला. माझ्याकडे बघितलं त्यांनी, गर्दीत हात सुटलेल्या मुलानं बघावं तसं. मी म्हटलं, "ओळखलं नाही, पुढं बोला." गृहस्थ दुखावले. दुखावू देत.

लेकीचा या प्रवासाला साफ विरोध होता. वेड लागलंय का तुम्हा दोघांना, म्हणाली आणि शब्दाच्या अर्थानं स्वतःच रडली. शेवटी यांनीच अट घातली. "ऐक. ज्या दिवशी मागचं चाक मला काढून बसवता येणार नाही, त्या दिवशी मी गाडी चालवणार नाही. तिथून माघारी."

"शब्द?"

"शब्द."

तेव्हापासून रोज संध्याकाळी तिचा फोन. चालवणं अजून शाबूत होतं. उलट गाडीवर बसले की हे पूर्वीचेच व्हायचे. पाठ ताठ, दर तासाला थांबायचं, चेनला बोट लावून बघायचं. रस्ता मी सांगायचे, पाठीवर थापटून. डावी थाप डावीकडे, उजवी थाप उजवीकडे. दोन देश असे मागे पडले.

तिसऱ्या देशात, एकोणिसाव्या दिवशी, मागून आवाज यायला लागला. आधी खरखर, मग दात खाल्ल्यासारखा. गाडी मागून झोके घेऊ लागली. मी जीव मुठीत धरून बसले. समोर हमरस्त्यावरचं एक छोटंसं गाव लागलं: एका ओळीत दुकानं, धूळ, टायरांची चळत, सिमेंटचे पाइप. बंद दुकानाच्या पत्र्याच्या सावलीत यांनी गाडी उभी केली, चाकाच्या मध्यावर हात धरला आणि झटकन मागे घेतला.

"तापलंय. बेअरिंग गेलं." आणि मग माझ्याकडे न बघता, "मागचं चाक आहे."

पुढचं चाक जायला काय झालं होतं मेल्याला!

यांनी कपडा पसरला आणि पाठ सुरू झाला. "डबल स्टँड. चेनचं लॉक. ब्रेकचा दांडा. मोठा नट." भाग एकेक करून कपड्यावर आले, डावीकडून उजवीकडे. चाक बाहेर आलं. हातोडीनं ठोकून दोन्ही बेअरिंगं काढली, त्यांच्या मधली बोटभर लांबीची नळी काढली. पाठ मध्ये दोनदा अडखळला, पण हात थांबले नाहीत. मी पाण्याची बाटली घेऊन बाजूला बसले होते, आणि जिवात जीव येत होता.

रस्त्याच्या पलीकडे पाण्याचे पंप दुरुस्त करणारा होता. हे म्हणाले, "बेअरिंगला देश नसतो. नंबर सगळीकडे एकच. पंपातही हेच असतं." असं म्हणत ते उठले, आणि भागांवर धूळ बसू नये म्हणून कपड्याची चारी टोकं धरून त्याचं गाठोडं बांधलं.

त्यांनीच. ज्या कपड्यापायी लेकीशी अबोला धरला होता तो कपडा त्यांनी स्वतःच्या हातांनी उचलला, आतलं सगळं खणखणत एकत्र झालं, आणि ते गाठोडं काखेत घेऊन निवांत रस्ता ओलांडायला लागले. मी ओरडणार होते. ओरडून काय होणार होतं? मी मागोमाग निघाले.

पंपवाल्याला आमची भाषा येत नव्हती, आम्हाला त्याची. त्यानं जुनं बेअरिंग चिंधीनं पुसलं, कडेवरचा नंबर वाचला, फळीवरून तोच नंबर छापलेल्या दोन डब्या काढल्या. दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली. त्या दोन मिनिटांत मला वाटलं, सगळं ठीक आहे.

परत येऊन यांनी गाठोडं सोडलं. नट, वॉशर, कॉलर, नळी, लॉक, सील सगळं एका ढिगात. हे उकिडवे बसले. एक वॉशर उचलला, ठेवला. कॉलर उचलली, फिरवून बघितली, ठेवली. पुन्हा वॉशर. तोंडातून शब्द नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना भागांसमोर मुकं बघितलं.

"कपडा कुणी हलवला?" हे म्हणाले.

मी म्हटलं, "वारं आलं."

"मी ओळीनं लावलं होतं."

"लावलं होतंत."

त्यांनी पुन्हा तोच वॉशर उचलला, पुन्हा ठेवला. तेवढ्यात पंपवाला रस्ता ओलांडून आला. बिचारा भला माणूस; ढीग बघितला, यांचे हात बघितले, आणि समजला. स्वतःच्या छातीवर बोट ठेवून, मग चाकाकडे बोट दाखवून त्यानं विचारलं: मी करू? दहा मिनिटांचं काम होतं त्याला. मी हो म्हटलं असतं तर चाक बसलं असतं, आणि प्रवास तिथंच संपला असता. यांनी माझ्याकडे बघितलं. तेच बघणं, लग्नातलं. अट त्यांना पक्की आठवत होती. नेमकी तीच आठवत होती, काय म्हणावं याला!

मी पंपवाल्याला हातानं थांबवलं. मग पदर खोचला, यांच्या शेजारी मातीत बसले, आणि माझ्या तोंडून आलं, "आधी उजवं बेअरिंग. नंबराची बाजू बाहेर."

हे चमकले. हातानं मात्र बेअरिंग उचललं होतं.

"ठोकताना बाहेरच्या कडेवर. मधे ठोकायचं नाही."

ठोकलं. नीट, चारी बाजूंनी, हलक्या हातानं. हात पूर्वीसारखेच चालले. मग त्यांनी दुसरं बेअरिंग उचललं.

"थांबा. पोटातली नळी."

ती नळी राहिली असती तर नट आवळताच दोन्ही बेअरिंगं चिरडली असती. हे मला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. खिडकीखालून शेकडो वेळा ऐकलं होतं, "पोटातली नळी विसरला तो मेला," इतकंच. मी आयुष्यात पाना हातात धरलेला नाही. पण कुकरच्या शिट्ट्यांमधून, फोडणीच्या आवाजातून तो सगळा पाठ माझ्या डोक्यात जाऊन बसला होता, मला न विचारता. मी म्हणत गेले, ते करत गेले. नळी. डावं बेअरिंग. सील. ब्रेकची थाळी. चाक वर, एक्सल आरपार, बाहेरची कॉलर, वॉशर, नट हातानंच. चेन चढवा. दोन बोटं ढिली. लॉकचं बंद तोंड पुढं. मी चुकले तेही त्यांनी एकदा दुरुस्त केलं: "ब्रेकचा दांडा आधी, मग मोठा नट आवळायचा." मला इतका आनंद झाला की मी मुद्दाम आणखी एक चूक केली. ती त्यांना कळली नाही. मग पुन्हा नाही केली.

पंपवाल्यानं चाक फिरवून बघितलं, हलवून बघितलं, कान लावला. आवाज नाही. त्यानं यांची पाठ थोपटली. हे ओशाळं हसले, हात पुसले, आणि कपडा घडी करता करता माझ्याकडे वळून अगदी अदबीनं विचारलं, "तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

एकतीस वर्षांच्या संसारात त्यांनी मला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं.

"होते एक फिटर," मी म्हटलं. "फार बोलायचे."

"चांगला माणूस असणार. पाठ म्हणून काम करणारा चुकत नाही."

"नाही चुकत," मी म्हटलं आणि पाण्याची बाटली शोधायच्या निमित्तानं गाडीच्या मागे गेले. तिथं जे रडायचं ते रडून घेतलं. बाहेर आले तर हे गाडीवर बसलेले. "अगं, चल की. ऊन उतरलं." पुन्हा अगं. पुन्हा मी.

पण मी पाय टाकून लगेच बसले नाही. मला भीती वाटली. उद्या हा माणूस भर रस्त्यात ब्रेक कुठला ते विसरला तर? पाठीवर डावी थाप मारली आणि डावं कुठलं ते विसरला तर? मी बसले, त्यांना हळू चालवायला सांगितलं, आणि पुढच्या गावात उजेड असतानाच खोली घेतली.

तासाभरात लेकीचा फोन आला. हे पलंगावर बसून मोजे काढत होते.

"आज काय झालं?"

"मागचं चाक."

"बाबांनी बसवलं?"

खोटं बोलणं सोपं होतं. हात त्यांचेच होते. यांनी मोजा हातात धरून ठेवला होता, ऐकत होते.

"हात त्यांचे होते," मी म्हटलं. "पाठ मी म्हटला."

"म्हणजे माघारी, आई. शब्द दिलाय त्यांनी."

"माघारीच. पण जोडीदाराच्या गावाहून. दोन दिवसांची वाट राहिलीय, हळू जाऊ. तिथून विमानाची दोन तिकिटं काढ. गाडी तिथंच राहील. अर्धी त्याचीच आहे."

यांनी मान खाली घातली आणि मोजा नीट घडी करून बुटात ठेवला. मला वाटलं रागावले. मग हलकेच म्हणाले, "खरंय. अर्धी त्याचीच."

लेक रडत होती. मी म्हटलं, "रडू नकोस, एक काम कर. आत्ता जोडीदाराला फोन लाव. सांग, परवा दुपारी येतायत. गाडीवरूनच येतायत म्हणावं. आणि त्याला बजावून सांग, दारात उभं राहून ओळखलंस का असं विचारायचं नाही. दार उघडल्या उघडल्या आधी आपलं नाव सांगायचं."