बिनदाराचं कबर्ड

आमच्या सावेडीच्या मास्तरांइतका शब्दांवर रंधा मारणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा नाही, हे मी लेखी द्यायला तयार आहे. मी पाथर्डीकडचा सुतार, चौथीत शाळा सोडलेला. ते जन्मभर इंग्रजी शिकवून रिटायर झालेले. इंग्रजी शब्द दिसला की बोटाच्या पेरानं टेबलावर ठोके देत त्याचे तुकडे करायचे आणि तो कशाकशाचा जोडलाय ते सांगायचे. एकदा हॉटेलात पाटीवर 'ब्रेकफास्ट' वाचलं. फास्ट म्हणजे उपास, तो मोडायचा, पण म्हणताना 'ब्रेकफस्ट' म्हणायचं, हे वेटरला समजावेपर्यंत आमचे पोहे गार!

वीसेक वर्षांमागं त्यांनी मला स्वयंपाकघरात कपाट करायला बोलावलं. मी विचारलं, "कपबोर्ड ना?" झालं! टेबलावर दोन ठोके. "कबर्ड, मिस्त्री! प गिळायचा. कप म्हणजे पेला, बोर्ड म्हणजे फळी. जुने इंग्रज उघड्या फळीवर पेले मांडायचे. मला तसलंच पाहिजे, बिनदाराचं."

"लिव्हलाय तर प बोलनार. फुकट बसवलाय का त्यो? आन् बिनदाराचं कपाट माझ्या हातून व्हायचं न्हाई. नगरची धूळ काय कमी हाय?"

दारं लावलीच मी, सागाची. मास्तर महिनाभर बोलले नाहीत. पुढं दर दिवाळीला फराळाला बोलवायचे, कपाटावर दोन ठोके द्यायचे आणि मी मुद्दाम 'कपबोर्ड' म्हणायचो.

यंदा त्यांच्या मुलीचा फोन आला. "काका, बाबांना दाराआड काय ठेवलंय ते आठवतच नाही हो. कप सापडत नाहीत म्हणून चहासुद्धा करत नाहीत. असंच चाललं तर मला त्यांना पुण्याला न्यावं लागेल. ते घर सोडायला तयार नाहीत."

हत्यारांची पिशवी घेऊन गेलो. बिजागऱ्या सोडवल्या, दारं उतरवली. कप समोर दिसले तसे मास्तर उठले, दोन कप काढले, चहा टाकला. मग फळीकडं बघत म्हणाले, "मिस्त्री, ह्याला काय म्हणायचं?"

मी फळीवर दोन ठोके दिले. "कबर्ड."

"आणि प?"

"गिळला, मास्तर."

डोळ्यांत पाणी येईतो हसले. चहात साखर दोनदा पडली होती. मी निमूट सगळा प्यालो. पुण्याचं तूर्त लांबलंय. दारं माझ्याकडं भिंतीला टेकून आहेत. सागवान अजून खणखणीत आहे, पण दुसऱ्या कपाटाला लावायला हात धजत नाही.