आई जागी होईपर्यंत

पोलादपूरच्या एसटी स्टँडवर बाबा माझी बॅग खाली ठेवायला तयारच नव्हते. पनवेलची गाडी अजून लागली नव्हती, बाकड्यावर जागाही होती, तरी ते बॅग खांद्यावर घेऊन उभे. शिमगा नुकताच झाला होता. मुंबईची माणसं परत निघालेली, त्यांच्या गर्दीत मीही. फक्त मला मुंबईत उतरायचं नव्हतं.

बाबांनी रस्त्यापलीकडच्या एका गाळ्याकडे बोट केलं. "तो बघ. मालकाला बोललोय मी. अजून रिकामा हाय."

औषधांचं शिकून फार्म.डी. झालेली मुलगी तालुक्याला मेडिकल टाकणार, हे त्यांनी केव्हाच ठरवून ठेवलं होतं. मी मात्र कोचीच्या एका हॉस्पिटलात निघाले होते. आयसीयूतल्या पेशंटची औषधं सांभाळायचं खास शिक्षण. रेसिडेन्सी. हा शब्द मी त्यांना बऱ्याचदा समजावून सांगितला होता.

"डाक्टर नाय, नर्स नाय, मेडिकल पण टाकायचं नाय. मग शिकणार तरी काय, गो?"

उत्तर द्यायच्या आत गाडी लागली. त्यांनी बॅग आत ठेवली, खिडकीपाशी आले आणि म्हणाले, "पोचलीस की फोन कर." एवढंच.

संध्याकाळी पनवेलहून निघालेली केरळची रेल्वे वीर स्टेशनावरून न थांबता गेली. वीर म्हणजे आमचं महाडचं स्टेशन. सकाळी ज्या मुलुखातून निघाले होते तो खिडकीबाहेर झरकन मागे पडला, आणि तेव्हा कुठे मला रडू आलं.

तुमच्यापैकी जे गाव सोडून लांब गेलेत त्यांना पहिले महिने सांगायला नकोत. भाषा कळत नव्हती. भात मिळायचा, पण तो आपला नव्हे. आयसीयूत एकेका पेशंटला आठ-दहा औषधं एकाच वेळी चालू. पंपांचे आवाज, मॉनिटरचे आवाज. आम्हाला शिकवणाऱ्या राधा मॅडम सकाळी राउंडच्या आधी प्रत्येक बेडजवळ नेऊन विचारायच्या, "काल याची किडनी कशी होती? आज कशी आहे? मग कालचाच डोस आज का?" ज्या माणसाच्या अंगातून औषध बाहेर पडत नाही त्याला नेहमीचा डोसही जास्त होतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. तिथे ते रोज डोळ्यांनी दिसायला लागलं. राउंडला डॉक्टर माझ्याकडे वळून "फार्मसीचं काय म्हणणं?" असं विचारायचे तेव्हा मी वहीत बघूनच काहीतरी पुटपुटायचे. हळूहळू बोलायला लागले. मग ऐकणारेही भेटले. मला ते काम आवडायला लागलं होतं.

आणि भातलावणीच्या दिवसांत मंगेशचा फोन आला. मंगेश माझा भाऊ, मुंबईत कुरियरमध्ये असतो. आईला ताप होता, पिंढऱ्या दुखत होत्या, डोळे लाल झाले होते. चिखलात उभं राहून लावणी करणाऱ्यांना होतो तो लेप्टो. पोलादपूरहून महाडला, महाडहून थेट पनवेलला नेलं होतं. किडनी थांबली, फुप्फुसात रक्त उतरलं, व्हेंटिलेटर लावला. मंगेश एकेक शब्द अडखळत सांगत होता. प्रत्येक शब्दाचा पुढचा अर्थ मला माहीत होता.

राधा मॅडमनी रजा तर दिलीच, वर म्हणाल्या, "पोचल्या पोचल्या फाइल मागू नकोस. आई कशी आहे, एवढंच विचार." मी आयुष्यातलं पहिलं विमान त्या दिवशी पकडलं.

मॅडमचं मी निम्मंच ऐकलं. फाइल मागितली नाही, पण भेटीच्या वेळेत आईच्या चेहऱ्याआधी पंपांवरची लेबलं वाचली. कुठेतरी चूक सापडेल, ती मी दाखवेन आणि आई वाचेल, असं काहीतरी डोक्यात घेऊन आले होते. चूक नव्हती. अँटिबायोटिक बरोबर होतं, रक्तदाबाच्या औषधाचा वेग बरोबर होता, डायलिसिस वेळेवर चालू होतं. तिथल्या डॉक्टरांनी सगळं केलं होतं. मला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मग मी आईकडे पाहिलं. तिच्या नखांत अजून शेतातला चिखल होता.

चार-पाच दिवसांत किडनी थोडी सुधारली. व्हेंटिलेटरवर शांत ठेवण्यासाठी दिलेलं झोपेचं औषध बंद केलं. आता ती जागी होईल, असं सगळ्यांना वाटलं. ती झाली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. हाक मारली तरी पापणी हलेना.

गावाकडून, कुडपणहून आलेले काका बाबांना बाजूला घेऊन म्हणाले, "दादा, वहिनी गेल्यात जमा हायत. मशीन काढा नि घरी न्या. घरात तरी जातील."

बाबा भिंतीला टेकून खाली बसले. डॉक्टर दोनदा सांगून गेले होते की थांबा, पण ते घाईत आणि निम्मं इंग्रजीत. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "तू सांग. नेऊ काय तिला?"

मी त्यांच्यासमोर फरशीवर बसले. "बाबा, तिला झोपेचं औषध दिलं होतं. ते किडनीतून लघवीवाटे बाहेर जातं. तिची किडनी आता कुठे चालायला लागलीय, म्हणून ते अंगात साचून राहिलंय. बंद केलं तरी लगेच उतरत नाही. असे पेशंट मी तिकडे बघितलेत. उशिरा जागे होतात."

"समदे होतात?"

"समदे नाय," मी म्हणाले. खोटं बोलवेना. "पण आईला अजून वेळ द्यायला हवा."

ते भिंतीला हात टेकून उठले. मग काकांना म्हणाले, "थांबायचं. सुवर्णा सांगते तर थांबायचं."

त्यानंतरचा दिवस मला कुणी परत जगायला सांगितला तर जमणार नाही. माझ्या शब्दावर सगळे थांबले होते, आणि आतून मी पार हादरले होते. कारण औषधाचं नसेल तर? मेंदूलाच काही झालं असेल तर? कँटीनमधला चहा समोर निवत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सनी हाक मारली. आईचे डोळे उघडे होते. घशात नळी असल्यामुळे बोलता येत नव्हतं, पण मी दिसल्यावर तिच्या कपाळावर आठी पडली. कोचीला असायची ती पोर इथे काय करतेय, म्हणून. ती आठी बघून मी बेडची दांडी घट्ट धरली.

नळी निघाल्यावर ती घोगऱ्या आवाजात पहिलं बोलली ते बाबांशी. "गुरांना पाणी दाखवलं काय कुणी?"

बाबा हसायला लागले, आणि हसता हसता त्यांनी तोंड उपरण्यात लपवलं.

आई चालायला लागली त्या आठवड्यात मीच म्हणाले, परत जात नाही. बाबा ऐकेनात. "अर्धं शिकून काय करशील? जा. तुझ्यासारखं सांगणारं माणूस कुणाच्या तरी बापाला लागंल." मी गेले. रेसिडेन्सी पूर्ण केली. आता पुण्यात एका आयसीयूत काम करते. पेशंटच्या नातेवाईकांशी मात्र मी हातातलं काम बाजूला ठेवून, खाली बसूनच बोलते.

खूप दिवस वाटायचं की गाव सोडलं म्हणजे काहीतरी तोडलं. आता तसं वाटत नाही. पण गावी गेले तरी डोळे कामावरच असायचे. आईला दम लागतोय का, पाय सुजलेत का, लघवी नीट होते ना. घरी असूनही मी राउंडवरच असायचे.

मागच्या सुट्टीत आईच्या गुडघ्यांसाठी आम्ही महाडजवळच्या सव गावाला गेलो. गरम पाण्याच्या कुंडाच्या पायरीवर ती साडी गुडघ्यापर्यंत घेऊन बसली, पाय पाण्यात, आणि शेजारच्या अनोळखी बाईशी नाचणीवरून गप्पा सुरू. मी वरच्या पायरीवरून तिचे घोटे न्याहाळत होते. सूज नव्हती.

"काय बघतेस गो मघापासून?" ती म्हणाली. "मी बरी हाय. ये, पाण्यात पाय सोड."

घर कुठे, असं आता कुणी विचारलं तर मला ती पायरी आठवते. मी चपला काढल्या आणि तिच्याशेजारी जाऊन बसले. पाणी चांगलंच कढत होतं.