वेबसाइटचा गेटपास

माझी सारी नोकरी प्लांटच्या स्टोअरमध्ये झाली. नटबोल्ट असो की क्रेनचा वायररोप, गेटपासशिवाय एक वस्तू बाहेर जाऊ द्यायची नाही, हे माझं काम. सुटी झाली की गेटवरचे पहारेकरी आमचे डबे उघडून बघायचे, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. म्हणायचो, बघा, माझाही बघा. एकदा माझ्या डोळ्यांदेखत कपाळाला गंध लावणाऱ्या एका सज्जन माणसाच्या डब्यात पोळ्यांखाली तांब्याची तार निघाली. तेव्हापासून मला गंध दिसला की आधी डबा आठवतो.

रिटायर झालो, स्टोअर सुटलं, सवय काही सुटली नाही. दूधवाल्याचं माप मी दोनदा बघतो. मीटर बघायला आलेल्या माणसाचं ओळखपत्र मागतो, आणि त्यावरचा फोटो त्याच्या तोंडाशी लावून बघतो. बायको म्हणते, "तुमाले सारेच चोर दिसते. कधी आरशात पाहता का?"

आता वेबसाइटचं सांगतो. ती माझी नाही, बायकोची.

माझी सासू भंडाऱ्याकडची, साऱ्या जन्माची शेतकरी बाई. शेवटची चार वर्षं ती आमच्याजवळ प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर सहाच्या क्वार्टरात होती. इकडे हिंदीच्या मुलखात वाढलेली आमची पोरं मराठीत विचारलं तर हिंदीत उत्तर देतात, नातवंडं तर तेवढंही ऐकून घेत नाहीत. बायकोच्या मनानं घेतलं की आईची बोली कुठंतरी धरून ठेवायची. सासू वरांड्यात तांदूळ निवडत बसायची आणि बायको फोन तिच्याजवळ ठेवून विचारायची, आई, सांदवाडी म्हणजे काय, धानाचा रोवणा कसा करत होते, सांग. म्हातारी सांगायची, आणि सांगता सांगता आपल्या नवऱ्याच्या, दिराच्या, बैलाच्या गोष्टीत शिरायची. असे एक्केचाळीस शब्द झाले. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून बायकोनं स्वतः वेबसाइट बनवली. एका शब्दाला एक पान, खाली "ऐका" असं बटण. ते दाबलं की म्हातारी बोलायची.

एका पानावर मीही आहे. म्हातारी घरामागच्या सांदवाडीचं सांगून राहिली आहे आणि मधेच माझा आवाज येतो, "हे चालू हाय का? कोणाले पाठवून राहिली तू?" त्यावर म्हातारी हसते आणि म्हणते, "जावईबापू, भेऊ नका. तुमचं काई नेत नाई कोणी." बायकोनं ते मुद्दाम कापलं नाही.

सासू गेली. ज्या फोनवर सारं टेप झालं होतं तो जुना झाला. बदलून नवा घेताना मी तो दोनदा फॉरमॅट करून दुकानदाराला दिला, कारण आपली माहिती कोणाच्या हाती लागेल काही सांगता येत नाही. बायको म्हणाली, जाऊ द्या, वेबसाइटवर हाय ना सारं. म्हणजे सासूचा आवाज आता जगात त्या एकाच ठिकाणी होता.

मग ते मेल येऊ लागले. ज्या कंपनीच्या सर्व्हरवर आमची साइट होती, म्हणजे माझ्या भाषेत ज्यांच्या गोदामात आमचा माल होता, ती कंपनी ते गोदाम बंद करत होती. अमुक दिवसापर्यंत आपला माल उचला, नाहीतर पुसला जाईल, असं इंग्रजीत लिहिलं होतं. मी ताबडतोब ओळखलं की ही फसवणूक आहे. असे मेल रोज येतात, तुमचं खातं बंद होईल, इथं दाबा. मी बायकोला बजावलं, हात लावायचा नाही. दुसरा मेल आला, मी पुसला. तिसराही पुसला. चौथा तिनं माझ्याआधी बघितला आणि थेट हुडको कॉलनीत कॉम्प्युटरवाल्या एका मॅडमकडे गेली. परत आली ती तणतणत.

"मेल खरा हाय! आठ दिवस उरले. तुमच्या शहाणपणापायी माही माय पुसली गेली असती."

"त्या मॅडमनं सांगितलं आणि तू मानलं?"

"तुमी सांगाल थे मानून बसली होती ना आतावरी, काय झालं?"

माझ्या डोक्यात दुसरा किडा शिरला. कोण ही मॅडम? हिला आमच्या साइटशी काय करायचं आहे? बायकोची आणि तिची ओळख हळदीकुंकवातली. दुर्गच्या जुन्या मराठी घरची सून, हुडकोत वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरचे क्लास घेते आणि लोकांच्या वेबसाइटची कामं करते. बायको म्हणाली, बाई चांगली हाय. मी म्हटलं, चांगली असेल, पण मी सोबत येतो.

स्कूटरच्या डिकीत मी एक रजिस्टर ठेवलं. बायको म्हणाली, हे कावून? मी म्हटलं, माल बाहेर जाऊन राहिला तर नोंद नको?

मॅडम चाळिशीच्या, चष्मा कपाळावर ठेवायची सवय. त्यांनी समजावलं की आधी साऱ्या साइटचा बॅकअप त्यांच्या कॉम्प्युटरवर उतरवायचा, मग तो नव्या होस्टिंगवर, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या गोदामात, चढवायचा, मग साइटचं नाव नव्या जागेकडे वळवायचं. मी विचारलं, "म्हणजे आमचा सारा माल तुमच्या घरी येईल?"

"काका, कॉपी येईल. माल तिथंच राहतो."

माल तिथंच राहतो आणि इथंही येतो! असा माल मी तीस वर्षांत बघितला नव्हता. माझा संशय आणखी पक्का झाला. पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, "मॅडम, जरा तिकडे तोंड करा." त्या बिचाऱ्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून बसल्या. बायकोनं कपाळाला हात लावला.

दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी मॅडमचा फोन आला की नव्या ठिकाणी साइट सुरू झाली, येऊन बघा. मी एकटाच गेलो. सोबत एक्केचाळीस शब्दांची यादी नेली. एकेक पान उघडायचं, "ऐका" दाबायचं, आवाज आला की खूण करायची. मॅडम शेजारी बसून होत्या. एक्केचाळीस खुणा झाल्या. म्हातारी ठणठणीत बोलली, मलाही बोलली. मी खूश.

मग मी खिशातून पेनड्राइव्ह काढला आणि म्हटलं, आता तुमच्याजवळचा तो बॅकअप यात टाका. त्यांनी टाकायला घेतला. पडद्यावरची पट्टी हळूहळू सरकत होती. तेवढ्यात त्यांना फोन आला आणि त्या खिडकीशी जाऊन हळू आवाजात छत्तीसगढीत बोलू लागल्या. मला अर्धं कळलं, अर्धं नाही. त्या पेनड्राइव्हमध्ये माझ्या पेन्शनचे कागदही होते. इतका वेळ परक्या कॉम्प्युटरला लावून ठेवायचा? पट्टी भरलेली दिसली आणि मी पेनड्राइव्ह उपटून खिशात घातला.

"काका, थांबायचं होतं ना, कॉम्प्युटर लिहून राहिला होता अजून," मॅडम वळून म्हणाल्या. "परत लावा, एकदा उघडून बघू."

"उघडायचं ते मी माझ्या घरी उघडीन."

आणि मग मी ते बोललो. म्हटलं, आता तुमच्या कॉम्प्युटरवरचा बॅकअप पुसा. माझ्यासमोर.

त्यांचा चेहरा उतरला. "काका, पंधरा दिवस तर राहू द्या. मी नेहमीच ठेवते. नवीन जागी सगळं नीट बसलं की नाही, जरा दिवस गेल्याशिवाय कळत नाही."

"कळलं ना. एक्केचाळीस खुणा केल्या मी."

"मी काय करणार आहे हो काकूंच्या आईच्या आवाजाचं?"

"तेच मी विचारतो, मग ठेवता कशाला?"

त्यांनी फाइल पुसली. मी म्हटलं, कचऱ्याच्या डब्यातूनही काढा. तिथूनही काढली. मी रजिस्टर उघडलं, लिहिलं की साइटचा सर्व माल परत मिळाला, मॅडमकडे काही शिल्लक नाही, आणि त्यांची सही घेतली. त्यांनी मोबाइलमध्ये त्या पानाचा फोटो काढून घेतला. मला वाटलं, बघा, हिलाही माझ्यावर भरवसा नाही. घरी येऊन मी आणखी एक काम केलं. जुन्या कंपनीचं खातं उघडलं आणि त्यांनी बंद करायच्या आधी मीच बंद केलं. सारं पुसायचं का, विचारलं, हो म्हटलं. सुंठेवाचून खोकला गेला.

चार दिवसांनी सासूचं श्राद्ध होतं. पानं वाढून झाली आणि बायकोनं फोन हातात घेतला. दर वर्षी त्या दिवशी ती आईचा आवाज लावते. तिनं "ऐका" दाबलं. काही नाही. दुसरं पान उघडलं, दाबलं. काही नाही. शब्द होते, अर्थ होते, बटण होतं. ती एकेक पान दाबत गेली. मी म्हटलं, नेट नसेल. ती दाबत राहिली. एक्केचाळीस पानं तिनं दाबून बघितली.

मी आलमारीतून पेनड्राइव्ह काढला. फाइल होती. नावही होतं, साइजही होती. उघडायला गेलो तर कॉम्प्युटर म्हणे, फाइल खराब आहे. दहादा केलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हातारी मला नेहमी म्हणायची. खोटं कशाला बोलू, मला रडू येत होतं.

मॅडमना फोन केला. त्यांनी त्यांच्याकडून साइट बघितली आणि सांगितलं. साइट बनवताना काकूंनी आवाजाच्या फाइलींना जुन्या कंपनीचाच पत्ता दिला होता, म्हणून पानं नव्या जागी आली तरी आवाज जुन्या गोदामातूनच येत होता. मी त्या दिवशी खुणा केल्या त्या जुन्या गोदामाच्याच केल्या. "मी तपासताना मलाही आवाज आला, काका, म्हणून लक्षात आलं नाही. ही चूक माझीही आहे. आवाजाचा फोल्डर नव्या जागी अर्धवट चढलाय, फाइली नावालाच आहेत. बॅकअप असता तर पाच मिनिटांत झालं असतं."

मी जुन्या कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, तुम्ही स्वतः पुसलं आहे, परत मिळणार नाही. हा मेल मात्र मी पुसला नाही.

मग मी स्कूटर काढली. हुडको आमच्यापासून काही फार लांब नाही, पण त्या दिवशी रस्ता सरता सरेना. आणि रस्ताभर मी देवाजवळ एकच मागत होतो. आयुष्यभर मी प्रत्येक माणूस चोर समजलो, आता ही एक बाई तरी खरंच चोर निघू दे. हिनं मला फसवलेलं असू दे. माझ्या पाठीमागं, दुसऱ्या कुठल्या फोल्डरमध्ये, एखाद्या पेनड्राइव्हमध्ये, एक कॉपी हिनं लपवून ठेवलेली असू दे बापा.

मॅडमनी दार उघडलं. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "मॅडम, खरं सांगा. ठेवली असेल ना एखादी? मी काही म्हणणार नाही. उलट तुमचे पाय धरीन."

त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. मग कॉम्प्युटर उघडून सारं दाखवलं. फोल्डर, डबा, पेनड्राइव्ह, सारं. मी न सांगता दाखवलं. कुठंच काही नव्हतं.

"मनात आलं होतं काका, ठेवावी म्हणून," त्या म्हणाल्या. "पण सही केली होती ना. खोटी सही कशी करणार?"

आणि मोबाइलमधला तो फोटो माझ्यासमोर धरला. माझंच अक्षर होतं, खाली त्यांची सही.

घरी आलो. बायको वरांड्यात बसली होती, म्हातारी बसायची तिथंच. माझ्या हाताकडे बघितलं, हातात काही नव्हतं.

"भेटली?" तिनं विचारलं.

"नाही. तिनं ठेवलीच नाही. पुसली म्हणजे पुसली. बाई खरी निघाली."

बायको म्हणाली, "मले माहीत होतं थे. म्हणून त माय तिच्या हाती देली होती मी."