मामांची मध्यरात्र

नाशकात सूर्याला न जुमानणारा माणूस आजवर एकच होऊन गेला, आणि तो म्हणजे माझ्या बायकोचा सख्खा मामा. गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, पहाटे अंघोळीला येणारी माणसं ज्या सूर्याला अर्घ्य देत, त्याच्याकडे मामा कारखान्यातून परतताना असे बघत की जणू कुणी चुकून नको त्या वेळी कंदील पेटवून ठेवला आहे. मग टोपी डोळ्यांवर ओढायची आणि भराभर घर गाठायचं. स्टेशनच्या वाटेवर तेव्हा एक बर्फाचा कारखाना होता. तिथलं इंजीन मामांच्या ताब्यात होतं. कारखाना तीन पाळ्यांत चाले आणि ज्याची पाळी त्याला कायमची लागलेली असे. मामांची तिसरी, म्हणजे रात्री दहा ते सकाळी सहा. ती त्यांनी अठरा वर्षांपूर्वी मागून घेतली होती. रात्री इंजिनाचं बोलणं नीट ऐकू येतं, दिवसा माणसंच फार बोलतात, असं त्यांचं म्हणणं.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते माझ्याच लग्नात. मुहूर्त सकाळी साडेनऊचा होता. मुलीला बोहल्यावर आणून तिच्या पाठीशी उभं राहायचा मान मामांचा. चैत्र संपत आलेला, मांडवाखाली आम्ही सगळे घामाने निथळत होतो, आणि मामा गळ्याभोवती लोकरीचा मफलर गुंडाळून उभे. मंगलाष्टकं जरा लांबली. तिसऱ्या की चौथ्या अष्टकाला अंतरपाटापलीकडून संथ, दमदार घोरणं ऐकू येऊ लागलं. मामा उभ्या उभ्याच झोपले होते आणि त्यांचा सगळा भार नवरीच्या खांद्यावर आला होता. ती बिचारी लग्नाच्या दिवशीच इतकी वाकली होती, की आमच्याकडच्या बायकांनी मुलगी फार विनयी आहे असा निर्वाळा दिला. नंतर कुणीतरी मामांना छेडलं, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, की एवढ्या रात्री मुहूर्त ठेवल्यावर दुसरं काय होणार.

हे ते गमतीने म्हणाले नव्हते. मामांचा दिवस दुपारी साडेतीनला उजाडे. मग चूळ भरणं, चहा, आणि दारावरून जाणाऱ्या कुणालाही 'काय, आज लवकर उठलात?' म्हणून विचारणं. सकाळी सातला ते रात्रीचं जेवण जेवत. त्यांच्या ताटात पिठलं-भाकरी असे आणि शेजारच्या घरात चहाचं आधण. अंतर विचाराल तर पाळीच्या हिशेबात सांगत. आग्रा रोडवरून मोटारीने चांदवड म्हणजे पाव पाळीपेक्षा थोडं जास्त, आणि नामपूर, वाटेत मोटार रुसली तर, अख्खी पाळी. त्यांच्या झोपेचा सगळ्या आळीला धाक होता; घरात मामीही कुजबुजूनच बोलत. मळ्यातून भाजी घेऊन येणारी माळीणबाई चार आळ्या गर्जत येई, पण मामांच्या आळीत शिरली की तिचा आवाज बंद. मेथीची जुडी वर धरायची, बोटांनी भाव सांगायचा, बायकांनी बोटांनीच तो पाडायचा. एकदा गवारीच्या भावावरून तिचं आणि एका गिऱ्हाइकबाईचं कडाक्याचं भांडण झालं, तेही अवाक्षर न काढता. मी ते मामांच्या खिडकीतून पाहिलं आहे.

लग्नानंतर वर्षभराने मामांच्याच शब्दावर मला कारखान्यात टाइमकीपरच्या हाताखाली कारकुनी मिळाली. हजेरी घेणं, पाळ्यांचा तक्ता लिहिणं आणि शेठजींचा हुकूम सुवाच्य अक्षरात फळ्यावर लावणं, एवढं माझं काम. म्हणजे जे पुढे घडलं त्याची सुरुवात माझ्याच अक्षरात झाली, हे कबूल केलेलं बरं.

बर्फ करायला अमोनियाचा वायू लागतो, आणि तो नळीतून सुटला तर माणसाला गुदमरवून टाकतो. मुंबईकडे कुठेतरी तसा अपघात झाल्याचं शेठजींच्या कानावर आलं. शेठजी वाईट माणूस नव्हते. त्यांनी लगेच देवळालीच्या छावणीतले एक निवृत्त हवालदार गाठले. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी अकरा ते बारा, वायू सुटला तर काय करायचं आणि बेशुद्ध माणसाला कसं शुद्धीवर आणायचं, याचा वर्ग भरेल. तो सगळ्या कामगारांना सक्तीचा, आणि जो येणार नाही त्याचा त्या दिवसाचा खाडा. म्हणजे अख्ख्या रोजाचा पगार गेला. मी हे वळणदार अक्षरात लिहून त्या रात्री पाळी बदलायच्या वेळी फळ्यावर लावलं. मामांनी कामावर जाताना ते दोनदा वाचलं आणि मला विचारलं, "जावईबापू, हे अकरा कुठले?"

सकाळचे, असं मी सांगितलं.

"म्हणजे मध्यरात्री," ते म्हणाले आणि मफलर सावरत आत गेले.

पहिल्या मंगळवारी मामा आले. डोळे लाल, सदरा उलटा. हवालदारांना बेशुद्ध रोग्याचं काम करायला एक माणूस हवा होता. त्यांचं बोलणं पुरतं संपायच्या आत मामा पुढे येऊन स्ट्रेचरवर आडवे झाले. त्यांना उचललं, आपटलं, पालथं घातलं, छाती दाबली, हातापायांना पट्ट्या बांधल्या. मामांनी पापणी हलवली नाही. तास संपल्यावर त्यांना जागं करायला दोन बादल्या पाणी लागलं. हवालदार भारावून मला म्हणाले, "ऐसा बेहोश आदमी मैंने पलटन में भी नहीं देखा." त्या दिवसापासून बेशुद्धाची जागा मामांना कायमची मिळाली. पण तिसऱ्या पाळीतल्या बाकीच्यांच्याही हे लक्षात आलं. पुढच्या शुक्रवारी हवालदारांनी रोगी मागताच नऊ जण एकदम कोसळले, आणि मोठा अपघात झाला आहे असं समजून हवालदारांना सगळा वर्ग त्या बेताने घ्यावा लागला. पहिल्या पाळीची मंडळी मात्र ताजीतवानी असत. त्यांची पाळी सकाळी सहा ते दोनची, त्यामुळे त्यांचा वर्ग कामाच्या वेळेतच पडे आणि इंजिनापाशी दोघांना ठेवून बाकीचे भरपगारी बसून शिकत. दुसऱ्या आणि तिसऱ्या पाळीचे आपल्या वेळेत, फुकट. हा फरक तक्ता लिहिताना माझ्या ध्यानात आला नव्हता. खरं सांगायचं तर आला होता, पण मी नवा होतो.

तिसऱ्या आठवड्यात उस्मानभाईचा खाडा झाला. हा तिसऱ्या पाळीत इंजिनाला तेल घालणारा तेलवाला, मामांचा उजवा हात. मूळचा मालेगावच्या विणकरांच्या घरातला. माग बंद पडला म्हणून नाशकात आलेला. त्या शुक्रवारी पाळी करून घरी गेला, अंग टाकलं आणि वर्गाला जाग आली नाही. बारा वाजून गेल्यावर धावत आला. मी नियमाप्रमाणे हजेरीत खाडा मांडला. तो माझ्या टेबलासमोर उभा राहून हळूच म्हणाला, "बाबूजी, कामावर झोपलो असतो तर समजलं असतं. मी तर घरात झोपलो होतो. घरात झोपायचा पण खाडा?" मी दौतीत टाक बुडवत राहिलो.

ही गोष्ट मामांना त्या रात्री कामावर कळली. दुसऱ्या दिवशी, वर्ग नसताना, बरोबर अकरा वाजता मामा मफलर बांधून कचेरीच्या दारात हजर झाले. स्वतःच्या राजीखुशीने ते इतक्या उन्हात बाहेर पडल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. मी त्यांच्या विनवण्या केल्या. तुमची अठरा वर्षांची नोकरी आहे, माझी अजून अठरा महिन्यांचीही नाही, घरी तुमची भाची आहे, असं सगळं सांगून पाहिलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला हाताला धरून शेठजींसमोर नेलं.

शेठजींच्या कानावर हवालदारांची स्तुती गेलीच होती. त्यांनी कौतुकाने विचारलं, की काय काय शिकलात.

"शेठजी, मला बेशुद्ध पडायला उत्तम येतं," मामा म्हणाले. "शुद्धीवर आणायला पहिल्या पाळीला येतं. गॅस सकाळी सुटला तर मी येऊन पडतो, ते मला वाचवतील. रात्री सुटला तर मात्र आम्ही सगळे पडणारेच आहोत."

शेठजी हसले, मग हसायचे थांबले. वर्ग तुमच्याच जिवासाठी आहे, त्याचा पगार कसला मागता, असं ते म्हणाले. मामांनी पगाराचा शब्द अजून काढला नव्हता. ते म्हणाले, अगदी बरोबर. जीव तर सगळ्यांनाच आहे. तेव्हा पुढचा वर्ग आमच्या भर दुपारी, म्हणजे रात्री दोनला ठेवावा, आणि शेठजींनी स्वतः यावं. कारखान्यात त्यांचंही येणं-जाणं असतं, वायू मालक ओळखत नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी दोन्ही दिवशी यावं. झोप लागून चुकलं तर खाड्याचं काय ते त्यांचं त्यांनीच ठरवावं.

मग शेठजी एकदम माझ्याकडे वळले आणि त्यांनी विचारलं, की पहिल्या पाळीला या तासाचा पगार मिळतो का. खाली बघून गप्प बसणं सोपं होतं, पण मामांचा हात अजून माझ्या मनगटावर होता. "मिळतो," मी म्हणालो. "बाकीच्या दोन पाळ्यांना मिळत नाही. तक्ता मीच लिहिला आहे."

हे आपल्याला आधी का सांगितलं नाही, असं त्यांनी मला रागाने विचारलं. माझ्या वतीने मामांनीच उत्तर दिलं, की जावईबापू दिवसाचे आहेत, त्यांना रात्रीचं कसं दिसणार. नोकरी गेली असं धरून मी कचेरीत परत येऊन टाक, दौत, डबा गोळा करून ठेवला. संध्याकाळी बोलावणं आलं. शेठजींनी माझ्याकडे न बघता नवा हुकूम सांगितला. तिसऱ्या पाळीचा वर्ग कामावर येण्याआधी, रात्री नऊ ते दहा. दुसऱ्या पाळीचा दुपारी एक ते दोन. दोघांनाही त्या तासाचा पगार. उस्मानभाईचा खाडा रद्द. मी इतक्या सुंदर अक्षरात आयुष्यात दुसरं काही लिहिलेलं नाही.

नुकसान झालं ते एकट्या हवालदारांचं. रात्री नऊला मामा टक्क जागे असत. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या ते मान उचलून पट्टी बांधणाऱ्याची गाठ सुधारत, उस्मानभाईला 'अरे, जोर लाव, मी मरतोय' म्हणून सांगत आणि मधूनच उठून नळीचा व्हॉल्व्ह बघून येत. आठवड्याभरात त्यांना रोग्याच्या कामावरून काढावं लागलं. वायू काही शेवटपर्यंत सुटला नाही. पण तिसऱ्या पाळीतला प्रत्येक माणूस डोळे मिटूनही तो व्हॉल्व्ह बंद करू शके.

पुढे काही वर्षांनी मामांची नजर अधू झाली आणि त्यांनी नोकरी सोडली. डॉक्टरांनी चारचौघांसारखं रात्री झोपायला सांगितलं. सुरुवातीला ते दिवसाच्या नाशकात पाहुण्यासारखे वावरत. दुपारच्या उन्हाला बिचकत, ओळखीच्या दुकानांच्या पाट्या जवळ जाऊन नव्याने वाचत. अशाच एका दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. मामा ओट्यावर एकटेच बसले होते. मी हाक मारणार, तोच त्यांनी हाताने मला थांबवलं आणि शेजारी बसायची खूण केली. आत मामी तांदूळ निवडत असाव्यात. निवडता निवडता त्या गात होत्या. माहेरची कुठलीशी ओवी, बारीक पण अगदी सुरेल आवाजात. बाहेर कुणी ऐकतंय हे त्यांना माहीत नव्हतं.

"हिला गाता येतं, जावईबापू," मामा माझ्या कानाशी येऊन म्हणाले. आत एक ओवी संपली आणि दुसरी सुरू झाली, तसे ते ओट्यावरून थोडे दाराकडे सरकले.