दोनदा दाबलेला क्लच

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — ते माझं मलाच नीट उमगत नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सणसरला आमचा ऊस, आणि थोरल्या भावाला, दादाला, गाड्यांचं भारी वेड. त्यानं पुण्याहून एक जुनी परदेशी स्पोर्ट्स कार आणली — लाल, दोन दारांची, बसलं की बूड रस्त्याला घासतंय असं वाटायचं. ती फक्त तात्यांनी चालवायची, असा त्याचा हुकूम. तात्या आमचे ड्रायव्हर. उभी हयात उसाच्या ट्रकवर गेलेली.

त्या गाडीचा गिअर खाली घ्यायचा तर क्लच दोनदा लागायचा. एकदा दाबून न्यूट्रल, मग थोडी रेस, परत क्लच, मग गिअर. जुन्या ट्रकांचीच रीत. ती तात्यांनी मला दादाच्या चोरून शिकवली — मी तेवीस वर्षांचा घोडा हात धुऊन मागं लागलो म्हणून. "बापू, गिअर ढकलायचा न्हाय," ते म्हणायचे. "आवाज जुळला की त्यो आपसूक बसतो." त्यांच्या हाताखाली तो कधी बसला ते कळायचंही नाही.

मग? मग एका दुपारी दादा बाहेरगावी, तात्या जेवायला गेलेले, आणि मी एकटाच गाडी इंदापूर रस्त्याला काढली. पुढच्या जीपला मागं टाकायची हुक्की आली. क्लच एकदाच दाबला अन् गिअर चौथ्यातून सरळ दुसऱ्यात ओढला. खालून आवाज आला — जात्यात खडा सापडल्यासारखा. दुसरा गिअर न लावताच मी कशीबशी गाडी परत आणली, शेडमध्ये उभी केली, किल्ली खुंटीला अडकवली. आणि जेवायला बसलो.

दुसऱ्या दिवशी तात्या दादाला घेऊन वडगाव निंबाळकरला लग्नाला निघाले. वाटेत गिअर बसेना. बारामतीच्या मिस्त्रीनं गिअरबॉक्स खोलला, तुटलेले दात तळहातावर घेऊन दाखवले. दादानं विचारलं, हे कसं झालं? निरोप मिळाल्यावर मीही तिथं जाऊन उभा होतो. आणि मी म्हणालो, तात्या ट्रकसारखा दोनदा क्लच मारतात, तुला माहीत नाही का?

वाक्य खरं होतं. म्हणून तर ते खपलं. मिस्त्री काहीतरी बोलणार होता, पण तोवर दादाचा आवाज चढला होता. तात्यांनी किल्ली त्याच्या हातात दिली आणि एसटीनं घरी गेले.

आठवड्यानं ते मला बांधावर भेटले. खाली बघत म्हणाले, "बापू, तुमी शेजारी बसत व्हता. खरं सांगा. माझा हात चुकला का?"

तेव्हा तरी सांगता आलं असतं, नाही का? मी म्हणालो, "वय झालं, तात्या."

"व्हय," ते म्हणाले. "मलाबी तसंच वाटाय लागलंय."

त्यानंतर त्यांनी ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगलाही हात लावला नाही.

दोन वर्षांनी बारामतीच्या एसटीत ते माझ्या शेजारी होते. चढ आला. ड्रायव्हरनं गिअर खाली घेतला, तेव्हा तात्यांचा डावा पाय पत्र्यावर दोनदा दाबला गेला. अगदी वेळेवर. मी बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं, तसा त्यांनी पाय सीटखाली ओढून घेतला — चोरी पकडल्यासारखा.

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. पुढच्या उन्हाळ्यात तात्या गेले.