शिंपडलेले आणि बुडवलेले

लेकीचं लग्न ठरलं तेव्हा हॉल, जेवण, फुलं, बँड, सगळं आठवड्याभरात पक्कं झालं. अडलं ते पाण्यावर. पिण्याच्या नव्हे, बाप्तिस्म्याच्या.

फोन धारहून आला होता. होणारे व्याही बोलत होते. निवृत्त शाळामास्तर, पण आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. "बाकी काही म्हणणं नाही हो साहेब. मुलगी आम्हाला पसंतच आहे. तेवढं तिला आमच्याकडे पाण्यातून काढायचं राहिलंय."

मी सवयीने फोन स्पीकरवर ठेवला होता. समोर माझी आई लसूण सोलत बसली होती. तिचा हात थांबला.

"काय राहिलंय?" तिने विचारलं.

मी घाईघाईने फोन कानाला लावला, पण आता उपयोग नव्हता. फोन ठेवल्यावर आई शांतपणे म्हणाली, "माझ्या सख्ख्या भावाने, पाळकाने, देवाचं नाव घेऊन पोरीच्या डोक्यावर पाणी घातलं. ते यांना कमी पडलं? बादलीने घालायला हवं होतं का?"

हे प्रकरण काय आहे ते सांगायला हवं. आम्ही देवासचे जुने मिशनवाले. वडील नगर जिल्ह्यातून इथल्या कारखान्यात नोकरीला आले आणि येताना आपली चर्चची मंडळी, आपली मराठी गीतं आणि आपला हट्ट सोबत घेऊन आले. आमच्यात मूल दोन-तीन महिन्यांचं झालं की चर्चमध्ये नेतात. पाळक ओंजळीने त्याच्या डोक्यावर पाणी घालतात, मूल किंचाळतं, सगळे कौतुकाने हसतात आणि मग केक. आई-बापांनी त्याच्या वतीने दिलेलं विश्वासाचं वचन मोठं झाल्यावर ते आपल्या तोंडाने देतं. व्याह्यांची फेलोशिप, म्हणजे त्यांची मंडळी, वेगळी. तान्ह्या पोराला काय कळतं, असं त्यांचं म्हणणं. माणसाने जाणत्या वयात विश्वास धरावा, आणि मग पाणी डोक्यावरून गेलं पाहिजे. नुसतं शिंपडणं म्हणजे मंडईत भाजीवर पाणी मारणं. ते आम्हाला खाजगीत 'छींटेवाले' म्हणतात, आम्ही त्यांना 'डुबकीवाले'. समोरासमोर आलो की दोन्हीकडून 'प्रभूमध्ये प्रिय बंधू'.

माझी बायको रोमन कॅथलिक घरातली, रतलामची. आमच्या लग्नाच्या वेळी तिच्या फादरांनी मला समोर बसवून सतराशे साठ प्रश्न विचारले, पण पुन्हा ओलं काही केलं नाही. "बाप्तिस्मा झालाय ना? मग झाला," एवढंच म्हणाले. त्यामुळे माझी समजूत अशी, की सर्वांत अवघड घाट मी तरुणपणीच चढून आलो. उरलेला रस्ता सपाट.

कारखान्यातल्या स्टोअरमध्ये माझ्या शेजारी बसणारे मित्र जन्माने माळवी आणि स्वभावाने चौकस. माझं तोंड उतरलेलं पाहून त्यांनी सगळं काढून घेतलं. ऐकून झाल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान पसरलं की मला रागच आला. "भिया," ते म्हणाले, "तुम्हारे में भी ये सब होता है? मैं तो समझता था हमारे में ही है।" पुढे आठवडाभर ते माझ्या डब्यातली भाजी जास्त प्रेमाने खात होते.

पण घरात कोणाला हसू येत नव्हतं. लेक फिजिओथेरपिस्ट आहे, इंदूरच्या एका दवाखान्यात. व्याह्यांचा मुलगा पिथमपूरला नोकरी करतो. त्याच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तो तिला लेकीकडे व्यायामासाठी घेऊन यायचा. गुडघा वाकायला लागला आणि इकडे हे जमलं. आता मुलगा म्हणत होता, मी फेलोशिप सोडतो, देवासला लग्न करू. लेक म्हणत होती, तुझ्या आईला बाहेर ठेवून मला लग्न नको.

"मग घे ना बाई एकदा पाणी," माझी बायको म्हणाली. "अंगाला पाणी लागून कोणाचं वाईट झालंय?"

"मम्मी, पाण्याचं नाही गं. मी आधीपासून ख्रिस्ती आहे. पुन्हा घेतलं तर इतकी वर्षं नव्हते, असं मीच म्हटल्यासारखं होईल. आजी ते ऐकेल का? मीच ऐकणार नाही."

एवढं बोलून ती ताटावरून उठली. आमची पोर तुपात भिजलेले तिचे लाडके दालबाफले समोर टाकून उठते, म्हणजे काय ते समजा. लग्न मोडलं असतं तर भांडणाने नाही, दोघांच्या चांगुलपणाने मोडलं असतं. असल्या मोडण्यात तर कोणाची समजूतही घालता येत नाही.

शेवटी व्याह्यांनीच सुचवलं, की रविवारी धारला या, आमच्या उपासनेला बसा, पाळकांशी बोला. मला आतून आनंद झाला. मी आमच्या मंडळीत वर्षानुवर्षं नाताळच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन करतो. माणसं समोर बसलेली दिसली की माझ्या अंगात काहीतरी संचारतं. मी न्हाणीघरातल्या आरशासमोर भाषण तयार केलं. एक प्रभू, एक विश्वास, एक बाप्तिस्मा. 'एक' म्हणताना बोट वर, मग थोडं थांबायचं, मग आवाज खाली. मला स्वतःलाच दोनदा गहिवरून आलं.

रविवारी सकाळी पोहे खाऊन निघालो. इंदूर ओलांडल्यावर आईला पाणी हवं झालं. तिने बायकोची मोठी पिशवी उघडली आणि आतून बाटलीच्या आधी टॉवेल काढला. मग एक कोरडा सलवार-कुर्ता काढला.

"हे काय आहे?"

"असू दे म्हटलं," बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली.

"असू दे म्हणजे? निघालीस वादाला आणि टॉवेल घेऊन?"

"आई, तुमच्या मुलाचं भाषण ऐकलंय मी. दाराआडून. म्हणून घेतला."

लेकीने मागे बसून टॉवेलाची घडी घातली आणि तो पिशवीत परत ठेवला. मी गाडी चालवण्यावर लक्ष दिलं.

फेलोशिप धारच्या बाहेरच्या बाजूला, एका घरामागच्या पत्र्याच्या हॉलमध्ये भरते. गाडी वळली आणि आम्हा चौघांना एकदमच ते दिसलं. हॉलच्या मागे सिमेंटचा हौद होता, शेजारी टँकर उभा होता आणि त्याचा जाड पाइप हौदात सोडलेला होता. मे महिन्यात धारला टँकर मिळवणं म्हणजे ओळखीचं काम. आमच्या वाटाघाटी सुरू व्हायच्या होत्या आणि इकडे पाणी गळ्यापर्यंत आलं होतं.

"तयारी असलेली बरी," व्याही हात जोडत म्हणाले.

"आमचीही आहे," आई म्हणाली आणि पिशवी बायकोच्या हातात दिली.

त्यांचे पाळक म्हणजे वीज मंडळातून निवृत्त झालेले लाइनमन. काटकुळे, उन्हाने रापलेले, बोलणं थेट माळवी हिंदीत. दिसायला इतके कडक, की माझ्या भाषणातला गहिवर मी लगेच निम्म्यावर आणला. आम्हा पाहुण्यांना एका रांगेत एकत्र बसवलं. गीतं झाली, प्रार्थना झाली. मग ते म्हणाले, आपल्याकडे रीत आहे. पाण्याचा विषय असला की आधी गवाही. माणूस उभा राहील, आपला विश्वास आपल्या तोंडाने सांगेल, आणि मग मंडळीतला कोणीतरी उभा राहून म्हणेल की होय, मी याचा विश्वास पाहिलाय. त्याशिवाय मी कोणाला हौदाजवळ जाऊ देत नाही. एवढं बोलून त्यांनी लेकीकडे पाहिलं. "आओ बेटी।"

लेक उभी राहिली. मराठी आणि हिंदी तिच्या तोंडात नेहमी एकत्रच नांदतात, त्या दिवशीही तसंच.

"मला पाणी नकोय," ती म्हणाली. "पण गवाही देते. मी दोन महिन्यांची होते, मला त्यातलं काही आठवत नाही. तसा जन्मही आठवत नाही. पण मी जन्मलेच नाही, असं कोणी म्हणत नाही." मागे कोणीतरी खोकलं. "कॉलेजच्या पहिल्या साली मी फार घाबरले होते. घर सोडून द्यावं, शिकणं सोडावं, सगळंच सोडावं असं वाटत होतं. हॉस्टेलच्या खोलीत बसून मी प्रभूला हाक मारली. तो आला. अजून सोबत आहे. तू नीट भिजली नव्हतीस, असं त्याने मला एकदाही म्हटलं नाही. बस, इतना ही है।"

आणि ती बसली. मला यातलं काहीही माहीत नव्हतं. माझ्यातला बाप अजून ते समजून घेत होता, तोवर सूत्रसंचालक उठून उभा राहिला. मी बोट वर केलं. "प्रिय बंधुभगिनींनो, एक प्रभू..."

"बैठो भिया," पाळक म्हणाले. "आपकी बारी नहीं है।"

बसलो. बायकोने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिच्या त्या न बघण्यातून मला सगळं ऐकू आलं.

"इसके विश्वास की गवाही कौन देगा?" पाळकांनी विचारलं.

आम्ही चौघं त्यांच्या मंडळीतले नव्हतो, आमची गवाही चालणार नव्हती. व्याही पंख्याकडे बघत बसले. मुलगा अर्धवट उठला, पण नवरदेवाच्या साक्षीला कोण विचारतो? त्यालाही हाताने बसवलं गेलं. मी आईकडे पाहिलं. तिने पदर घट्ट धरला होता.

तेव्हा बायकांच्या बाजूने एक प्लास्टिकची खुर्ची करकरली. विहीणबाई उठत होत्या. त्या एरवी इतक्या कमी बोलायच्या, की तोवर मी त्यांचा आवाज चहा विचारण्यापलीकडे ऐकला नव्हता. समोरच्या खुर्चीला धरून त्या सरळ झाल्या.

"मी देते," त्या म्हणाल्या. "ऑपरेशननंतर हिच्याकडे जायचे. गुडघा वाकवताना जीव जायचा माझा. मी मोठ्याने प्रभूचा धावा करायचे, आजूबाजूचे पेशंट बघायचे. ही एका हाताने पाय धरायची आणि माझ्याबरोबर धावा करायची. तेव्हा ही माझी सून होणार, हे दोघींच्याही मनात नव्हतं. तेव्हापासून आम्ही रोज सकाळी फोनवर प्रार्थना करतो. आजही केली." त्या पाळकांकडे वळल्या. "आता मी हिला त्या हौदात उतरवलं, तर इतके दिवस मी कोणाबरोबर प्रार्थना करत होते? हिला प्रभू ओळखतो की नाही, ते मला विचारा."

व्याह्यांची नजर पंख्यावरून खाली आली. "हे मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं कुठे? तुम्ही टँकरवाल्याला फोन लावत होता."

सगळा हॉल हसला. पाळक हसले नाहीत, पण त्यांच्या रापलेल्या चेहऱ्यावर एक सुरकुती हलली. तारेवर चढण्याआधी लाइन बंद आहे ना, हे बघणारा माणूस जसा थोडा थांबतो, तसे ते थांबले.

"मास्साब," ते व्याह्यांना म्हणाले, "गवाही तो घर से ही आ गई।" मग आमच्याकडे पाहून, जरा सावकाश, म्हणजे आईला कळावं म्हणून, म्हणाले की मी जे मानतो ते मानतच राहीन. आमच्या पोरांना मी पाण्यातच घालीन, जाणती झाल्यावर. तुम्ही करता ते मला पटत नाही. पण या मुलीला प्रभूने घेतलंय हे आज दोघींनी सांगितलं. प्रभूने घेतलेल्या माणसाला मी दारात थांबवणार नाही. शादी यहीं होगी.

"पटत नाही तर नाही पटत," आई माझ्या कानात म्हणाली. "माणूस खरा आहे." आणि तिने पदर सोडला. मी मात्र पाय लांब केले. चपलेतले अंगठे मी कधीपासून आवळून धरले होते कोण जाणे.

उपासना अजून संपली नव्हती. त्यांच्याकडे दर रविवारी प्रभूभोजन असतं. आमच्यात पावाचे साखरेच्या खड्याएवढे तुकडे ताटलीत फिरतात, जिभेवर ठेवले की संपले. त्यांच्यात एकच मोठी रोटी, प्रत्येकाने त्यातून मोडून घ्यायची, मग सगळ्यांचं खाऊन होईपर्यंत थांबायचं आणि पाळकांनी आभाराची प्रार्थना करायची. नियम असा की बुडवलेल्यांनीच घ्यायची. आमच्यासारख्यांनी ताट नुसतं पुढे द्यायचं. मी आईला कोपराने खूण केली. लग्न पदरात पडलं होतं, आता आणखी काही मागायला नको.

ताट फिरवायची पाळी त्या रविवारी व्याह्यांची होती. ते आमच्या रांगेपाशी आले आणि थबकले. पाळकांकडे त्यांनी पाहिलं. पाळकांनी नेमके त्याच क्षणी डोळे मिटले आणि त्यांचे ओठ हलायला लागले. ही वेळ प्रार्थनेची नव्हती, हे मलासुद्धा कळत होतं.

व्याह्यांनी ताट आईसमोर धरलं. मास्तरांचा तो खणखणीत आवाज एकदम बारीक झाला.

"घ्या आई."

आईने त्यांच्याकडे पाहिलं, मग रोटीकडे. आणि ज्या बाईने आयुष्यभर साखरेच्या खड्याएवढा तुकडा घेतला होता, तिने चांगला पाव भाग मोडला. मग लेकीने घेतला, बायकोने घेतला, मी घेतला. ताट पुढे जाऊन परत मेजावर आलं. सगळ्यांचं झालं.

आईचं झालं नव्हतं. रोटी जाड होती आणि तिचे दात आता नावापुरते आहेत. ती डोळे मिटून, अगदी भक्तिभावाने, चावत राहिली. पाळक हात उंच करून थांबले. मंडळी थांबली. व्याही ताटाशेजारी मान खाली घालून उभे. माझ्या पलीकडे लेकीचे खांदे हलायला लागले. आधी वाटलं रडते आहे, नीट पाहिलं तर ओढणीत तोंड घालून हसत होती. महिन्याभरात पहिल्यांदा. तिकडे बायकांच्या बाजूला विहीणबाईंचेही खांदे हलत होते.

आईने शेवटचा घास गिळला, ओठ पुसले आणि डोळे उघडले.

"हं," ती पाळकांना म्हणाली, "चालू द्या."