साहेबाच्या बंगल्यातला व्हॉल्व्ह, आणि हवा मी काढली होती

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी आमच्या घरी चहासुद्धा पाजत नाही. चाळीत कुणी सुरू झालं की मी उठून गॅलरीत जायचो. सून तुमचं मासिक आणते, त्यात लोक लिहितात – पांढरी साडी, उलटे पाय… मला हसू येतं. मी तिसरीतनं शाळा सोडली, पण लोखंड मला कळतं. लोखंड खोटं बोलत नाही. म्हणून हे लिहितोय. चुकलं असेल तर सुनेनं सुधारावं, पण माझं म्हणणं बदलू नये.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याची वर्षं. मी परळच्या एका मिलमध्ये फिटर. मिलचं नाव लिहीत नाही. माझा जोडीदार तातू, मालवणकडचा. मी साताऱ्याचा, म्हणून तो मला घाट्या म्हणायचा. लालबागला एकाच चाळीत, समोरासमोरच्या खोल्या.

आमचं काम बॉयलरपासून निघालेल्या पाइपांचं. एकजण या टोकाला, दुसरा त्या टोकाला, आणि मधे सगळी मिल धडधडतेय. हाक ऐकू येणार कशी? म्हणून पाइपावर पान्यानं ठोकायचं. दोन जवळ, एक लांब – ठक ठक… ठक. म्हणजे 'आहेस का?' पलीकडच्यानं उलटं ठोकायचं, एक आधी, मग दोन. म्हणजे 'आहे.' जबाब आल्याशिवाय व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. एका फिटरनं जबाबाची वाट पाहिली नाही, तर पलीकडच्याचे दोन्ही हात भाजले होते. तेव्हापासनं हा नियम, आमच्यात देवासारखा.

मिलच्या आवारात मॅनेजर साहेबाचा बंगला. पूर्वी तिथं गोरा राहायचा. त्याच्या मडमेचे कपडे पावसाळ्यात वाळायचे नाहीत, म्हणून त्यानं एका खोलीत रेडिएटर बसवून घेतला. रेडिएटर म्हणजे लोखंडी फासळ्यांची पेटी, तिच्यातनं बॉयलरकडचं गरम पाणी फिरायचं. बाहेर मुंबईचा घाम, आणि आत साहेबाची खोली तापवायला आम्ही! गोरा गेला, आपला साहेब आला, पण पेटी तशीच राहिली.

त्या वर्षी पावसाळ्याआधी तातूनं पेटीचा व्हॉल्व्ह खोलून साफ केला. नंतर सत्याग्रहात गेला, पकडला गेला, नाशिकच्या तुरुंगात रवाना झाला. आणि पाऊस लागल्यावर व्हॉल्व्ह वाजायला लागला.

साहेबानं मला बोलावलं. कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं की असला व्हॉल्व्ह उलटा बसवला की ठोके देतो. ते खरंय. पाणी उलट्या अंगानं आलं की आतला वॉशर आपटतो. साहेब म्हणाला, तुझ्या जोडीदारानं जाताना मुद्दाम उलटा बसवलाय, मला छळायला. वर आणखी म्हणाला, "मुंबई मागायला निघालात? आधी एक नळ तरी सरळ लावा."

माझं डोकं फिरलं. पण मी काम केलं. वरची चावी सैल करून हवा काढली. फुस्स झालं, मग सरळ धार आली. म्हणजे हवा संपली. हे लक्षात ठेवा. पाणी फिरवणाऱ्या पंपाचा जोर कमी केला. वॉशर नवा घातला. आवाज तसाच. शेवटी कापडानं पुसून व्हॉल्व्हवरचा बाण बघितला. पाणी कुठल्या अंगानं जायचं तो बाण ओतकामातच असतो, कुणाला मागनं कोरता येत नाही. बाण बरोबर होता. तातूनं चोख बसवलं होतं.

साहेबाला ते नकोच होतं. हजेरी मांडणाऱ्या टाइमकीपरसमोर सांग म्हणाला, व्हॉल्व्ह उलटा होता, मी सुलटा केला. तातूचं नाव मिलमधनं कटेल, आणि तुला हेडफिटर करतो.

मी म्हणलं, "बाण सरळ आहे, साहेब."

"मग वाजतो कशानं? उद्या दुपारपर्यंत दाखव. नाहीतर दोघंही घरी बसा."

त्याच संध्याकाळी तातूची बायको नाशिकहून भेट घेऊन आली. उंबऱ्यातच बसली. तातूला ताप चढला होता. "भावजी, माका वळखूक नाय त्येनी," एवढंच म्हणाली. तिच्या पदरी दोन पोरी. नवरा असा, आणि नोकरीवर साहेब टपलेला. नोकरीचं मी तिला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाणी बंद केलं, पाइप रिकामा केला, व्हॉल्व्हच काढला. पाइपाच्या तोंडाला डट्टा मारला. व्हॉल्व्ह खिडकीत वर्तमानपत्रावर ठेवला आणि साहेबाला बोलावलं, की ये, डोळ्यांनी बघ बाण.

साहेब दारात आला. आणि खिडकीतला व्हॉल्व्ह वाजला.

पाणी नाही, पाइप नाही, पंप नाही. कागदावर ठेवलेलं सुटं लोखंड. ठक ठक… ठक. मी उचलला. दांडी हलत नव्हती, पण ठोका तळव्याला लागत होता, आतनं कुणी दार वाजवावं तसा.

इतके दिवस मी बिघाड म्हणून ऐकत होतो. वॉशर ऐकत होतो, हवा ऐकत होतो. हातात घेतल्यावर कळलं. दोन जवळ, एक लांब.

नियम तो नियम. मी पाना घेतला आणि व्हॉल्व्हवर ठोकलं. एक… मग दोन.

आवाज बंद झाला. त्यानंतर तो व्हॉल्व्ह कधीच वाजला नाही.

साहेबाचा रंग उडाला होता. म्हणाला, बसवून टाक आणि जा. तातूचं नाव त्यानं परत काढलं नाही, टाइमकीपरचंही नाही. पण मिलभर सांगत सुटला, पाइपात हवा होती, त्या अडाण्याला काढता आली नव्हती. हवा! अहो, हवा मी काढली होती! तो स्वतः उभा होता, स्वतःच्या कानांनी ऐकलं, आणि खोटं बोलला. तेव्हापासनं ज्याला सांगावं तो हेच म्हणतो. जावई इंजिनियर, तोही म्हणतो, बाबा, एअर असेल. व्हॉल्व्ह खिडकीत होता रे, कसली एअर?

तातू सुटून आला तेव्हा निम्मा झाला होता. खोलीत त्याच्यासमोर चहा घेऊन बसलो. व्हॉल्व्हचं मी अजून काही सांगितलं नव्हतं. त्यानंच सांगितलं. तापात त्याला पाण्याच्या नळाजवळ निजवलं होतं. काही सुचायचं नाही, हात आपोआप लोट्यानं नळावर ठोकायचा, आपल्या सवयीचं. रोज. आणि बायको भेटून गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी नळातनं जबाब आला. एक, मग दोन. त्याला झोप लागली, उठला तेव्हा ताप उतरला होता.

मी बशी खाली ठेवली. म्हणलं, तो जबाब माझा.

मला वाटलं, रडेल, गळ्यात पडेल. तर तो भडकला. म्हणाला, "मेल्या घाट्या, जबाब देवूक इतको वेळ? मी थंय मरान गेललंय असतंय तर?"

मीही भडकलो. तुझी नोकरी कोण वाचवत होतं रे, तुझा बाप? दोघं इतकं भांडलो की वहिनीनं दोघांच्या पुढचा चहा उचलून नेला.

नाशिकचा नळ आणि परळचा व्हॉल्व्ह कुठल्या पाइपानं जोडलेत, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. ज्याला कळलं असेल त्यानं जरूर लिहावं. फक्त हवा म्हणू नका.

तातू जाऊन आता काही वर्षं झाली. मोरीतल्या नळाशेजारी पाना ठेवलेला असतो. मी ठोकून बघत नाही. जबाब आला नाही तर मला त्याचा भयंकर राग येईल, आणि डॉक्टरनं राग करू नका म्हणून सांगितलंय.